तळाची रेती

पाण्याबद्दल काही बोलायचं तर माझा मामा आधी त्यात हात घालत असे. नदीचं असो, नळाचं असो, लग्नाच्या मांडवातल्या पिंपाचं असो. बोटं बुडवायची, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासायची, मग बोटं नाकाशी न्यायची. एवढं झाल्यावर बोलायचं. नागपूर शहराला पाणी शुद्ध करून पाठवणारं केंद्र कन्हानच्या नदीकाठी आहे. तिथल्या फिल्टर हाऊसमध्ये त्याची सारी नोकरी गेली. आजोळी त्याचा हुद्दा कुणी सांगत नसे. ‘फिल्टरवर हाये’ म्हणत, आणि ऐकणाऱ्याला तेवढं पुरत असे.

तो गेल्यापासून नदीबद्दल विचारावं असं माणूस मला उरलं नाही. नदीसुद्धा उरली नाही असं लिहून टाकायचा मोह होतो, पण ते खरं नाही. नदी आहे. कामठीकडून येताना पुलावरून दिसते, श्रावणात दोन्ही काठ धरून वाहते. गेलं आहे ते तिच्या तळाचं काहीतरी, आणि ते काय होतं हे मामानं मला लहानपणी हाताला धरून दाखवलं होतं, म्हणून मला लिहिता येतं आहे.

कन्हान नदी छिंदवाड्याकडून, सातपुड्यातून उतरते. बीना संगमावर तिला पेंच आणि कोलार येऊन मिळतात, आणि तिथून खाली काही अंतरावर एका काठाला कामठी, दुसऱ्या काठाला कन्हान. कामठीला इंग्रजांनी १८२१ साली छावणी वसवली ती या पाण्याच्या भरवशावर. कन्हान मात्र रेल्वेनं आणि कोळशानं वाढलं. हावड्याच्या लाइनीवरचं स्टेशन, तिथूनच रामटेकला फुटणारा फाटा, भोवती गोंडेगाव, इंदर, कामठी या कोळशाच्या खाणी. आजोळच्या अंगणात वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतरावर संध्याकाळपर्यंत काळी झाक चढे आणि आजी ते पुन्हा पाण्यातून काढी. गावात मराठीइतकीच हिंदी चाले, छत्तीसगढी चाले. नाव मात्र नदीचं, आणि जीवही नदीचाच.

उन्हाळ्यात नदी आक्रसून एका कडेला जायची आणि उरलेलं सगळं पात्र रेतीचं व्हायचं. पांढुरकी, जाड, पायाला टोचणारी रेती. दुपारी त्यावर पाय ठेवण्याची सोय नसे. धिवरांची घरं मार्गशीर्ष-पौषातच पात्रात उतरत. रेतीत खड्डे करून, त्यात शेणखत भरून टरबुजाचे आणि डांगराचे वेल लावत, पऱ्हाटीच्या नि तुराट्यांच्या कुडाची झोपडी उभी करत. चैत्रात त्या डांगरवाड्यांचा वास पुलापर्यंत यायचा. विदर्भात डांगर म्हणजे खरबूज हे इतर भागांतल्या वाचकांना सांगितलं पाहिजे, नाहीतर त्यांना भोपळा आठवेल आणि त्या वासाची काहीच कल्पना येणार नाही. पिकल्या डांगराचा वास, तापल्या रेतीचा वास आणि पलीकडे वाहणाऱ्या पाण्याचा गार वास, हे तिन्ही एकत्र येत. आमच्या सुट्ट्या त्या वासात गेल्या.

तिथंच मामानं मला झिरा खणायला शिकवलं. वाहत्या पाण्यापासून चार पावलं मागे यायचं. दोन्ही हातांनी रेती बाजूला सारायची. कोपरापर्यंत हात गेला की तळ ओला लागतो. मग थांबायचं. आधी गढूळ पाणी जमतं, ते ओंजळीनं काढून फेकायचं, दुसऱ्यांदाही फेकायचं. तिसऱ्यांदा जे पाणी झिरपून येतं ते असं असतं की त्यात खालचे रेतीचे कण मोजावेत.

“आता पी,” मामा म्हणाला.

“नदीचं काहून नाही प्यायचं? तेबी तर हेच पानी हाये ना?”

“नदीचं पानी उघड्यावरचं हाये बेटा. हे गाळून आलेलं हाये. आम्ही फिल्टरवर जे करतो नं, ते नदी कवापासून करून राह्यली. अन् पगार घेत नाही.”

मग त्यानं मला ते समजावून सांगितलं, आणि पुढे शाळेत, कॉलेजात जे शिकले त्यानं त्यात फारशी भर पडली नाही. रेती पाणी गाळते ती नुसती कापडासारखी नाही. कणाकणावर डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचा एक बुळबुळीत थर धरतो. पाणी सावकाश खाली उतरताना ते जीव त्यातली घाण खातात, रोगाचे जंतू तिथंच अडकतात, मरतात. थर धरायला दिवस लागतात आणि पाण्याला वाट सावकाश चालू द्यावी लागते. माणसानं हे पाहून रेतीचे हौद बांधले. शहरं मोठी झाली तशी त्यांना सावकाश परवडेना, म्हणून तुरटी घालून गाळ लवकर बसवायचा, जलद गाळायचं, उरलेल्या जंतूंसाठी क्लोरीन सोडायचा, अशी पद्धत आली. मामाचं केंद्र या दुसऱ्या पद्धतीचं. नागपूर आधी अंबाझरीचं पाणी प्यालं, मग गोरेवाड्याचं, आणि तेही पुरेना तेव्हा कन्हानवर आलं. आजही शहराचा पूर्व-उत्तरेचा मोठा भाग कन्हानचं पाणी पितो. केंद्राची क्षमता दिवसाला २४० दशलक्ष लिटर आहे. हा आकडा मामा ज्या आवाजात सांगायचा, त्या आवाजात बाकी लोक पोराचे मार्क सांगतात.

पावसाळा त्याचा खरा हंगाम. सातपुड्यात पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी नदी चहाच्या रंगाची होई आणि मामा घरी दिसेनासा होई. गढूळपणा मोजण्याचं एकक एनटीयू. पिण्याच्या पाण्यात ते एकच्या आत असावं लागतं आणि पुरात नदीचं पाणी हजारांत जातं. अशा वेळी तुरटी किती घालायची याचा हिशेब दर काही तासांनी बदलतो. त्यासाठी जार टेस्ट करतात. सहा काचपात्रांत सारखं पाणी घ्यायचं, प्रत्येकात तुरटीचं वेगळं माप टाकायचं, पंख्यांनी ढवळायचं आणि थांबायचं. ज्या पात्रात गाळाच्या गाठी आधी धरतात आणि वरचं पाणी स्वच्छ होतं, ते माप खरं. एकदा रात्रपाळीला मी डबा घेऊन गेले होते, तेव्हा मामा त्या सहा पात्रांसमोर स्टुलावर बसला होता आणि माझ्याकडे न बघता त्यानं बोटानं ‘थांब’ अशी खूण केली. त्याची नजर चौथ्या पात्रावर होती. बाहेर पाऊस कोसळत होता. पूर्व नागपुरात त्या वेळी हजारो घरं झोपलेली असतील, सकाळी नळ सोडतील, तांब्या भरतील, आणि त्यांच्यासाठी कुणी जागं होतं हे कळायची त्यांना गरजही पडणार नाही. असं काम मला फार मोठं वाटतं. नीट झालं तर ते कुणाला दिसतच नाही.

घरीही त्याची एक छोटी बाटली असे. ओटी टेस्टची. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे असते तीच. नळाच्या पाण्यात दोन-चार थेंब टाकले आणि पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, पाणी निर्धोक. मामी स्वयंपाकाला लागण्याआधी हे रोज होई. जन्माष्टमीला कान्होबा बसत, दुसऱ्या दिवशी नदीवर त्यांचं विसर्जन असे. तेव्हा मामा मातीचा कान्होबा पाण्यात सोडायच्या आधीही बोटं बुडवून पाहत असे आणि सगळे हसत.

रेती आधी गेली.

एका दिवसात गेली नाही, म्हणून कुणी रडलंही नाही. नागपूर वाढत होतं, चारपदरी रस्ते, उड्डाणपूल, टॉवर उभे राहत होते, आणि त्या प्रत्येकाला कन्हानची रेती हवी होती. ती होतीच तशी, धुतलेली, दाणेदार. बैलबंडीच्या जागी ट्रॅक्टर आले, ट्रॅक्टरच्या जागी टिप्पर आले, मग पात्रात पोकलेन उतरले. लिलाव झालेले घाट होते, न झालेलेही होते, आणि रात्री दोन्हींत फरक करता येत नसे. मामीच्या घराच्या भिंती रात्रभर हलत. काही उन्हाळ्यांनी आम्ही पात्रात उतरलो तेव्हा पायाखाली घट्ट मुरूम लागला, मध्ये मध्ये काळा खडक, आणि खणलेल्या खड्ड्यांत साचलेलं हिरवं पाणी. डांगरवाड्यांची जागा कुठं होती ते मला दाखवता येईना. धिवरांची पोरं ऑटो चालवू लागली, कंपन्यांत लागली. मामानं वाकून हात घातला. दोन बोटं खाली कडक लागलं.

“आता झिरा कशात खनू?” एवढंच तो म्हणाला.

ही रेती सातपुडा झिजून झाली होती. पूर तिला वाहून आणत आले होते. आता वरच्या अंगाला धरणं आहेत: पेंचवर तोतलाडोह, नवेगाव खैरी, आणि मध्य प्रदेशात चौरईजवळचं माचागोरा. धरणात पाण्याबरोबर गाळ-रेतीही अडते. नेलेली रेती पुन्हा भरून यायला नदीला जे लागतं, ते आपण वरच अडवलं आहे. लिलावाच्या कागदावर ब्रासचा भाव असतो. पाणी गाळण्याचा भाव त्यात कुणीही धरला नव्हता.

मग राख आली. आमच्याकडे तिला राखड म्हणतात. कोराडीचं औष्णिक वीज केंद्र १९७४ पासूनचं, खापरखेड्याचं आजचं केंद्र पुढे आलं. दोन्ही कोलार नदीच्या परिसरात. आपल्याकडच्या कोळशात राखेचं प्रमाणच मोठं, शंभर किलो जाळला तर तीस-चाळीस किलो राख मागे राहते. ती पाण्यात कालवून नळांनी बंधाऱ्यात नेतात, तिथं ती खाली बसावी आणि वरचं पाणी परत वापरावं अशी योजना. ती कागदावर चोख आहे. पण राखेचे कण पिठापेक्षा बारीक, काही तर आतून पोकळ, पाण्यावर तरंगणारे. बंधाऱ्यातून निसटलेलं पाणी नाल्यातून कोलारला जातं, कोलार बीनाला कन्हानमध्ये येते, आणि त्याच कन्हानच्या पाण्यावर फिल्टर हाऊस उभं आहे. मंथन अध्ययन केंद्र, असर आणि सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट या संस्थांनी कोराडी-खापरखेडा भागातल्या गावांचं पाणी तपासून २०२१ साली अहवाल दिला. पारा, आर्सेनिक, शिसं, फ्लोराइड अशी नावं त्यात मर्यादेबाहेर गेलेली होती. पेंचच्या बाजूला नांदगावचे लोक राखेच्या तलावाविरुद्ध उभे राहिले. २०२२ च्या फेब्रुवारीत तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे तिथं येऊन गेले आणि राख टाकणं थांबवण्याचा आदेश निघाला. मामा तोवर निवृत्त झाला होता. ती बातमी त्यानं कापून ठेवली होती.

त्याच वर्षी जुलैत, मुसळधार पावसात, कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राख-बंधारा फुटला. राखेचा लोंढा शेतांतून, घरांतून, नाल्यांतून कोलारमध्ये आणि तिथून कन्हानमध्ये उतरला. पुराचा गढूळपणा मामानं आयुष्यभर पाहिला होता. तो मातीचा असे. मातीला तुरटी धरते, गाठी होतात, तळाला बसतात. मामा आजारी होता, तरी काठी घेऊन घाटावर गेला. मी बरोबर होते. पाणी करडं होतं. त्यानं सवयीनं बोटं बुडवली, अंगठ्यावर घासली. माती अंगठ्याला रवाळ लागते. ही लागली नाही, साबणासारखी घसरली. त्यानं बोटं नाकाशी नेलीच नाहीत, तशीच धोतराला पुसली. परत येताना वाटेत तो पोरांची चौकशी करत राहिला, नदीबद्दल एक शब्द बोलला नाही. मला त्या वेळी भीती वाटली होती. ती नदीची होती की त्याची, हे मी अजून वेगळं करू शकलेले नाही.

या सगळ्यात आपली स्वतःची घाण धरलेलीच नाही. नाग नदी नागपूरभर सांडपाणी गोळा करत पिवळीला घेऊन पुढे कुहीच्या बाजूला कन्हानलाच मिळते. म्हणजे शहर जिच्याकडून पाणी घेतं, तिच्याच पदरात ते मळवून परत टाकतं. ते तसंच वैनगंगेत, गोसीखुर्दच्या जलाशयात जातं. अंभोऱ्याला, जिथं मुकुंदराजांनी विवेकसिंधू रचला असं आपल्याकडे मानतात, त्या संगमावर हेच पाणी येतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ साली देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे नोंदवले. महाराष्ट्रातले ५३ होते. त्यांत कन्हान आहे, कोलारही आहे. आणि दोन्ही काठच्या वस्त्यांचे, कामठीचे नि कन्हानचेही, नाले उतारानं नदीकडेच जातात. आमच्या आजोळच्या मोरीचं पाणी त्यातच होतं.

मामाला हे बोचत असे. निवृत्तीनंतर त्यानं मला भांडेवाडीला न्यायला लावलं, नागपूरचं सांडपाणी शुद्ध करतात तिथं. ओळखीतून आत जायला मिळालं. जाळ्यांवर अडकलेल्या पिशव्या, चिंध्या, मग खडा-रेती बसवण्याची टाकी, मग हवा सोडून खदखदणारे मोठे हौद. त्या हौदांपाशी तो कठड्याला टेकून बराच वेळ उभा राहिला. तिथल्या तरुण ऑपरेटरला तो तपशील विचारत होता: हवा किती तास, गाळ परत किती फिरवता, लाइट गेली तर काय. हौदात हवेवर वाढलेले जीव घाण खातात, पोट भरलं की गाळ होऊन खाली बसतात. झिऱ्यातल्या रेतीवर जे जीव होते, त्यांचंच हे काम, फक्त कोंडून आणि विजेच्या जोरावर करून घेतलेलं. इथलं दिवसाला १३० दशलक्ष लिटर पाणी शुद्ध होऊन कोराडीच्या वीज केंद्राला जातं, म्हणजे तेवढं पेंचचं चांगलं पाणी वाचतं. बाहेर पडणाऱ्या पाण्यात मामानं बोट घातलंच. हुंगलं. मग त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “चांगलं करून राह्यला बे तू.”

येताना गाडीत तो उत्साहानं बोलत होता. एवढं मोठं कशाला, आपल्या गावापुरतं लहान झालं तरी होते. नाला नदीला मिळायच्या आधी अडवायचा, दोन हौद, थोडी जागा, दोन पाळ्यांना मानसं. मानसं पाहिजेत मात्र, बांधून सोडून देऊन जमत नाही. तुला लिहिता येते नं, तू लिही. मी अर्ज लिहिला. पुढे तो कुठल्या टेबलावर गेला आणि कुठं थांबला, ते मला कळलं नाही.

तो थंडीत गेला. जाण्याआधी मामीला त्यानं एकच सांगून ठेवलं होतं, की माझी राख कन्हानमध्ये टाकू नका. मामी रागावली. तिच्या माहेरची, सासरची सगळी माणसं याच घाटावर गेली होती. मोठे काका म्हणाले, कन्हान नको तर रामटेकला अंबाळा तलावावर नेऊ, तिथं तर नागपूरपासूनचे लोक येतात. पण मामाचं म्हणणं कुठल्याच पाण्यात नको असं होतं. “तिच्यात लय झाली राख,” असं तो बोलला होता, आणि मामीनं ते वाक्य सगळ्यांसमोर जसंच्या तसं सांगितलं, तेव्हा काकांचा आवाज खाली आला. शेताच्या धुऱ्यावर आंब्याखाली खड्डा करून अस्थी ठेवल्या. गुरुजींनी आधी नाही म्हटलं, मग मंत्र म्हटले. मामी खड्ड्यावर माती लोटताना मोठ्यानं म्हणाली, “आता तरी झोप, पाळी संपली.” मी तिला कधी त्याला अरे-तुरे करताना ऐकलं नव्हतं.

ओटीची बाटली आता तिच्याकडे आहे. मामाच्या वेळेला, सकाळी, ती नळाच्या पाण्यात थेंब टाकते आणि रंग फिका आला तर फोन करते, मला आणि जलकुंभावरच्या माणसालाही. तो तिला ओळखतो. परवा तिनं बाटली संपत आल्याचं सांगितलं आणि नागपूरहून येताना नवी आणायला सांगितली. पिवळा रंग फक्त क्लोरीनचं सांगतो, राखेतल्या पाऱ्याचं-शिशाचं सांगत नाही, हे तिला माहीत आहे. म्हणून दुसरंही काम दिलं: ते तपासून देणारी लॅब कुठं आहे, काय घेते आणि पाणी कसं भरून न्यायचं ते विचारून ये. विचारलं. धातूंसाठीच्या बाटलीत आधी नायट्रिक आम्लाचे थेंब घालून देतात, ती काठोकाठ भरायची नाही, आतून हात लावायचा नाही, भरल्याची जागा, तारीख, वेळ वर लिहायची. तीन बाटल्या घेतल्या आहेत. एक बीना संगमाची, एक गावाच्या घाटाची, एक नाला मिळतो त्याच्या खालची. मामी म्हणते घाटाची ती स्वतः भरणार. रविवारी जाते आहे.